लाल फडक्यातला कोयता

व्हिडिओ अजून आहे. लोक म्हणतात, जाऊ दे गं, आता कोण बघतंय. त्यात तुमचा बाप उभा असता म्हणजे तुम्हाला कळलं असतं कोण बघतंय ते.

जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे. मध्ये माझे वडील, दोन्ही तळहातांवर आडवा धरायला लावलेला कोयता, डावीकडे एक पोलीस, उजवीकडे एक. डोक्यावर टोपी नाही. आबांना बिनटोपीचं मी घरातसुद्धा क्वचित पाहिलंय, आणि अख्ख्या इंदिरानगरने ते एका संध्याकाळी पाहून घेतलं. मागे ढॅणढॅण संगीत, वर लाल अक्षरं: कोयता घेऊन दहशत माजवणारा जेरबंद. दहशत माजवणारा म्हणे! रस्त्यात कुत्रं झोपलेलं दिसलं तर हातगाडी वळवून नेणारा माणूस आहे तो.

आबा शहाळी विकायचे. जॉगिंग ट्रॅकच्या कोपऱ्यावर, माझ्या लग्नाआधीपासून. मी आता माहेरीच असते, घरी ब्लाउज शिवते. का असते ते सांगत बसत नाही, त्याचा इथे काही संबंध नाही. सकाळी चालायला येणारी माणसं घामाघूम होऊन आबांच्या गाडीशी थांबायची. कुणाला भरपूर पाण्याचं हवं, कुणाला मलईचं. आबा शहाळं वाजवून बघायचे, तीन घावांत तोंड उघडायचे, आणि मलई काढायला सालीचाच चमचा छाटून द्यायचे. कोयता त्यांच्या आधी आजोबांचा होता, वणीजवळच्या आमच्या गावचा. मूठ दोनदा बदलली, पातं तेच राहिलं. त्या पात्यावर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं, लग्नही झालं. आबा कुणाला हात लावू देत नसत अशी घरात दुसरी वस्तू नव्हती.

त्या वर्षी शहरात कोयत्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. मिसरूड न फुटलेली पोरं कोयत्याने वाढदिवसाचा केक कापायची, त्याचे रील टाकायची. काही ठिकाणी खरोखरच वार झाले, माणसं जायबंदी झाली. सगळे घाबरले होते, मीही घाबरले होते. पोलिसांनी कडक व्हावं असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. मग झाले ते कडक. आता कडक व्हायचं तर कुणावर? खरे कोयतेवाले पळतात, त्यांच्याकडे बाईक असते, ओळखीपाळखी असतात. सापडतो तो सायकलवरून पायडल मारत हळूहळू येणारा.

आता आमच्या घरची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा करतात हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे त्यात एक भर आहे. आदल्या दिवशी, अष्टमीला, अवजाराला लोहाराकडून धार लावून आणायची, तिथेच ते कोऱ्या लाल फडक्यात गुंडाळायचं, आणि पूजा होईपर्यंत उघडं करायचं नाही. धार आधी देवाने बघायची, मग माणसाने. आजोबा करायचे, म्हणून आबा करायचे. फडकं कोरंच लागतं, ते आई आठवणीने आणून ठेवते. मी माहेरी आल्यापासून माझी कपडा कापायची मोठी कात्रीही कोयत्याबरोबर त्या फडक्यात जाऊ लागली.

तर अष्टमीच्या दुपारी आबा जुन्या नाशकातल्या लोहाराकडे गेले. माझ्याकडे दसऱ्याच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता, कात्री लवकर आणा म्हणून मीच मागे लागले होते. ते म्हणाले, उद्या पूजेआधी तू तसंही तिला हात लावणार नाहीस, मग घाई कसली? हसत गेले. येताना चौकात नाकाबंदी होती. पुढचं मला दोघांकडून कळलं. थोडं आबांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, आणि बाकीचं त्या चौकात झेंडू विकायला बसलेल्या बाईने. तिने सगळं पाहिलं होतं. सांगितलं सगळं, पण वर हात जोडून म्हणाली की मला कुठे यायला लावू नका, मला रोज इथेच बसायचंय. तिला मी काय म्हणणार.

सायकलच्या कॅरिअरला लाल गाठोडं बघून पोलिसांनी आबांना थांबवलं, काय आहे विचारलं. आबांनी खरं सांगितलं: कोयता आणि कात्री. खोटं बोलले असते, फुलं आहेत म्हणाले असते, तर कदाचित सुटलेही असते. पोलीस म्हणाले, गाठोडं उघड. इथे आबा चुकले. चुकले म्हणजे काय, घरची रीत पाळायला गेले. म्हणाले, "साहेब, पूजेचं हाय. आज उघडायचं नसतं. उद्या पूजा झाली की घरी या, दाखवतो. प्रसाद बी घ्या."

पोलिसाला घरी प्रसादाला बोलवणारा गुन्हेगार तुम्ही कधी ऐकलाय? मी नाही ऐकला. पण त्या पोलिसाला वाटलं की हा चेष्टा करतोय. म्हाताऱ्या म्हणत एक कानाखाली दिली. टोपी उडाली. दुसऱ्याने गाठोडं खेचलं, गाठ सुटली, आणि कोयता खणकन रस्त्यावर पडला. आजोबांचं पातं, धार लावून आणलेलं, पूजेआधी उघडं, आणि वर रस्त्याच्या धुळीत. आबांनी काय केलं असेल? तुम्ही काय केलं असतं? आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी पोरगं पटकन हात कपाळाला नेतं. आबा वाकले, दोन्ही हातांनी कोयता उचलला आणि कपाळाला लावायला वर नेला.

तो कपाळापर्यंत पोहोचलाच नाही. दोघांनी मिळून त्यांना खाली पाडलं. पाठीवर काठ्या, मांड्यांवर काठ्या. फुलवाली म्हणाली, ते ओरडतही नव्हते, नुसतं देवाचं हाय, देवाचं हाय म्हणत होते.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला कळलं ते फोनवरून. ज्यांचा ब्लाउज मी शिवत होते त्याच बाईंनी मला व्हिडिओ पाठवला, खाली प्रश्न: हे तुमचे बाबा का गं? मशीनवरचा पाय तसाच राहिला. पहिल्यांदा मला वाटलं की कुणीतरी सारखा दिसणारा असेल. मग त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण दिसलं, मी लावलेलं, वेगळ्या रंगाचं. मी फोन तसाच आईपुढे नेऊन धरला.

आई आणि मी रिक्षाने चौकीवर गेलो. दिवेलागणीची वेळ होती. आत साफसफाई चाललेली. व्हरांड्यात महिला पोलीस झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचीही पूजा होती. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणीही दिलं, ते नाकारत नाही. आई मात्र माळांकडेच बघत राहिली. बऱ्याच वेळाने साहेबांनी आत बोलावलं.

साहेब माझ्याहून लहान असतील. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, तुमच्या वडिलांनी नाकाबंदीत पोलिसांवर कोयता उगारलाय."

मी म्हणाले, "कपाळाला लावत होते."

"वर नेला ना?"

"कपाळ वरच असतं, साहेब."

आईने माझ्या दंडाला चिमटा काढला.  मग मी सगळं सांगितलं, रीत, फडकं, कात्री, शहाळी, जॉगिंग ट्रॅक. म्हटलं, तुमच्यापैकीही कुणीतरी त्यांच्याकडचं शहाळं प्यायलेलं असेल, विचारून बघा. त्यांनी मान हलवली. माझी खात्री आहे, त्यांना सगळं कळलं होतं. काही परदेशातून आलेले नव्हते ते. बोलण्यावरून तर आमच्याच बाजूचे वाटत होते. त्यांच्याही घरी पाटावर काहीबाही मांडलं जात असणारच. न कळून केलं असतं तर माझा इतका जळफळाट झाला नसता. पण व्हिडिओ आधीच गेला होता. व्हिडिओ गेल्यावर तो माणूस निरपराध निघून कसा चालेल? वरून शाबासकी आलेली असणार. साहेब म्हणाले, वय बघून उगारल्याचं कलम आम्ही लावत नाही, नुसतं शस्त्र बाळगल्याचं लावतो, उद्या नोटीस देऊन सोडतो. ही मेहरबानी होती. आईने चक्क त्यांना हात जोडले. मी जोडले नाहीत, तेवढा मान मी माझा राखला.

आबांना त्या रात्री भेटू दिलं नाही. आईने डबा दिला, तो आत गेला की नाही हेही कुणी सांगितलं नाही.

खंडेनवमीला सकाळी आम्ही पुन्हा गेलो. घरी पाट मांडलेलाच नव्हता, कारण मांडायला होतं काय? चौकीवर मात्र थाट होता. अंगणात टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बंदुका, पिस्तुलं, काठ्या ओळीने, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, उदबत्त्यांचा घमघमाट. नारळ फोडला. साहेब अनवाणी होते, कपाळाला गंध. त्यांनी एक पिस्तूल दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं. शेजारच्याने फोटो काढला. एकदा नीट आला नाही म्हणून पुन्हा लावायला सांगितलं, त्यांनी पुन्हा लावलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं.

व्हरांड्यातल्या बाकावर आबा बसले होते. एका बाजूला कलून, कारण दुसऱ्या बाजूने बसवत नव्हतं. टोपी नव्हतीच. आणि माझे वडील, ज्यांना आदल्या दिवशी याच गोष्टीसाठी रस्त्यावर पाडून मारलं, ते त्या टेबलाकडे बघून हात जोडून बसले होते. मला वाटलं, जावं आणि त्यांचे हात सोडवावेत. पण त्यांच्या डोळ्यांत ना राग होता ना उपहास. पूजा चालली होती आणि ते पूजेत होते, एवढंच.

पूजा आटपल्यावर साहेब पेढे वाटत व्हरांड्यात आले. आबांच्याही हातावर पेढा ठेवला. आबा कसेबसे उभे राहिले. पेढा मुठीत धरून म्हणाले, "साहेब, आज दिवस हाय. माझ्या कोयत्याला तेवढं हळदकुंकू लावता का? तुमच्या हातानं लावलं तरी चालंल."

 एका महिला पोलिसाने मान फिरवली. साहेबांनी पेढ्यांचा खोका दुसऱ्या हातात घेतला, खाली बघितलं आणि म्हणाले, "काका, तो मुद्देमाल आहे."

आदल्या दिवशी चौकात म्हाताऱ्या होते, आता काका झाले. कोयता आत कपाटात कागदी लेबल बांधून पडला होता, माझ्या कात्रीशेजारी. पंचनाम्यात तिलाही धारदार शस्त्र म्हटलं होतं. लाल फडकं मात्र त्यांनी परत दिलं. ते त्यांच्या कामाचं नव्हतं.

पेढा आबांनी खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. घरी आल्यावर देवापुढे ठेवला. मी तो उचलून कुत्र्याला घातला.

मला तेव्हा वाटत होतं, एकच गोष्ट परत मिळवायची: आबांचं नाव. पाठ बरी होते, कोर्टाच्या तारखा पडत राहतात, त्यांचं काही वाटत नव्हतं. पण ट्रॅकवरच्या त्या माणसांपुढे त्यांना पुन्हा ताठ मानेने उभं राहता यायला हवं होतं. म्हणून मी पुन्हा साहेबांकडे गेले, एकटी, आईला न सांगता. म्हटलं, व्हिडिओ काढून टाका. ते म्हणाले, आम्ही आमच्याकडचा काढलाय, लोकांनी पुढे पाठवला त्याला आम्ही काय करणार. मग म्हटलं, दुसरा टाका. सांगा की हे शहाळीवाले आहेत, चूक झाली. त्यावर ते हसले. कुत्सित नव्हतं हसणं, मी काहीतरी अशक्य मागितल्यासारखं हसले. म्हणाले, "ताई, असा व्हिडिओ कोण बघणार?"

ते मात्र खरं बोलले.

आबा दसऱ्यानंतर गाडी घेऊन कोपऱ्यावर गेले. शहाळी भरली होती, पण कोयता नव्हता. मी म्हटलं होतं नवा आणू. त्यांनी आणू दिला नाही. शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून सुरी आणली, तिने शहाळं फुटेना. लोक आले, थांबले. काहींनी चौकशी केली, बरं वाटलं. पण रोज दोन शहाळी घेणारे एक गृहस्थ रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले. एका बाईंनी जवळ येऊन अगदी गोड आवाजात सांगितलं की काका, तुम्ही तसे नाही हे आम्हाला माहीत आहे, पण इथे मुलं खेळतात ना, थोडं पुढे उभे राहाल का? या बाईंची मलई आबा आठवणीने बाजूला ठेवायचे. आबा बरं म्हणाले आणि गाडी पुढे नेली. मग आणखी थोडी पुढे. गावाकडून चुलत्यांचा फोन आला, म्हातारपणी हे काय केलंस रे म्हणून. त्यांनाही व्हिडिओ पोहोचला होता, पेठ तालुक्यातल्या पाहुण्यांनाही पोहोचला होता. आबा प्रत्येकाला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. पुढे पुढे सांगेनासे झाले. नुसतं म्हणायचे, झालं काहीतरी.

आता ते केळी विकतात. केळ्याला काही कापावं लागत नाही. जुनं गिऱ्हाईक कधी चुकून समोर आलं आणि शहाळं मागितलं, तर नाय म्हणतात आणि केळी पुढे करतात.

कोयता अजून कपाटात आहे. वकील म्हणतात, निकाल लागल्यावर अर्ज करू. निकाल कधी ते त्यांनाही माहीत नाही. तोवर आजोबांच्या पात्याला गंज चढत असणार. आबा एकदा मला विचारत होते, त्याला ते तेल लावत असतील का. मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार?

यंदाच्या खंडेनवमीला आईने हट्टाने पाट मांडला. माझी शिलाई मशीन, नवी घेतलेली कात्री, आणि कोयत्याच्या जागी ते लाल फडकं, धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घातलेलं. आबांनी हळदकुंकू वाहिलं. फडक्यावरही वाहिलं, त्याचा डाग पडला तरी आई काही बोलली नाही. सकाळची वेळ, दार उघडं होतं, गल्लीत कुणाच्यातरी गाडीला हार घालणं चाललं होतं, पोरं ओरडत होती.

निरांजन फिरवताना आबांचं कोपर पाटाला लागलं आणि कात्री खणकन फरशीवर पडली. आबा वाकले. दोन्ही हातांनी कात्री उचलली, सवयीने वर न्यायला लागले, आणि छातीपाशी हात थांबले. त्यांनी मान वळवून उघड्या दाराकडे बघितलं. गल्लीत आमच्याकडे कुणीही बघत नव्हतं. तरी हात तसेच, ना वर, ना खाली.

हळूच म्हणाले, "ताई, दार लावून घे."

मी उठले, दार लावलं, कडीही घातली. मग त्यांनी कात्री कपाळाला लावली.